उत्स्फूर्त आहे की नाही? नवसागर आणि चुना घेऊन डेल्टा जी काढण्याची पद्धत

बारावीच्या वह्या तपासताना एक आकडा मला दरवर्षी भेटतो: −८४,६९४. प्रश्न साधा असतो. नवसागर तापवला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात; ही अभिक्रिया २५ अंश सेल्सिअसला उत्स्फूर्त आहे का? मुलं सूत्र बरोबर लिहितात, तक्त्यातले आकडे बरोबर उचलतात, १७६ मधून २९८ गुणिले २८४.८ वजा करतात आणि खाली रेघ मारून लिहितात, "उत्स्फूर्त आहे". तसं असतं तर दुकानातल्या बरणीतला नवसागर बसल्या जागी हवेत विरून गेला असता. खरं उत्तर +९१.१ किलोज्यूल आहे.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं. गडबड होते ती सूत्राच्या आधीच्या तयारीत आणि उत्तराचा अर्थ लावताना. म्हणून इथे सगळं काम टप्प्याटप्प्याने करू. हाताशी दोनच ओळखीचे पदार्थ ठेवू: कल्हईवाल्याचा नवसागर आणि पानाचा चुना. एन्थाल्पी, एन्ट्रॉपी आणि तापमान यांची सगळी ओढाताण या दोघांत दिसते.

## तयारी: गणिताला हात लावण्याआधी

सूत्र असं: डेल्टा जी = डेल्टा एच − (टी × डेल्टा एस).

डेल्टा एच म्हणजे एन्थाल्पीतला बदल. तो धन असेल तर अभिक्रिया उष्णता शोषते, ऋण असेल तर बाहेर टाकते. डेल्टा एस म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल. कण आणि त्यांची ऊर्जा किती जास्त प्रकारांनी विखुरता येईल याचं ते माप. टी म्हणजे केल्विनमधलं तापमान. डेल्टा जी, म्हणजे गिब्ज मुक्त ऊर्जेतला बदल, ऋण आला तर स्थिर तापमान आणि दाबाला अभिक्रिया लिहिलेल्या दिशेने उत्स्फूर्त. धन आला तर उलटी दिशा उत्स्फूर्त. शून्य आला तर समतोल.

नवसागरासाठी लागणारे २५ अंश सेल्सिअसचे आकडे वहीत एका जागी उतरवून घ्या. पहिला आकडा निर्मिती एन्थाल्पीचा (मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ बनतानाचा डेल्टा एच), किलोज्यूल प्रति मोलमध्ये. दुसरा प्रमाण एन्ट्रॉपीचा, ज्यूल प्रति केल्विन प्रति मोलमध्ये.

- नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड (स्थायू): −३१४.४ आणि ९४.६
- अमोनिया (वायू): −४६.१ आणि १९२.५
- हायड्रोजन क्लोराइड (वायू): −९२.३ आणि १८६.९
- अमोनियम आयन (जलीय): −१३२.५ आणि ११३.४
- क्लोराइड आयन (जलीय): −१६७.२ आणि ५६.५

एकच तक्ता शेवटपर्यंत वापरा. दोन पुस्तकांतले आकडे दशांशात थोडे वेगळे असतात. अर्धे इथून आणि अर्धे तिथून घेतले की उत्तर कुठल्याच पुस्तकाशी जुळत नाही.

तपासणी: पहिल्या स्तंभात किलोज्यूल आणि दुसऱ्यात ज्यूल आहे. दुसऱ्या स्तंभाच्या डोक्यावर लाल शाईने "÷ १०००" लिहून ठेवा. सुरुवातीच्या चुकीच्या आकड्यावर एवढाच उपाय आहे.

## टप्पा १: समीकरण लिहा, अवस्थांसकट

समीकरण संतुलित करा आणि प्रत्येक पदार्थापुढे स्थायू, द्रव, वायू की जलीय हे लिहा. अवस्था लिहायचा कंटाळा किती महागात पडतो ते चुनकळीवर बघा. चुनकळीवर पाणी ओतलं की ती फसफसते, भांडं चटका बसण्याइतकं तापतं आणि विरलेला चुना तयार होतो. आता प्रश्न असा की किती तापमानाच्या वर ही अभिक्रिया उलटी फिरेल, म्हणजे विरलेला चुना पुन्हा चुनकळी होईल?

पाणी द्रव धरलं तर डेल्टा एच −६५.२ किलोज्यूल आणि डेल्टा एस −२६.३ ज्यूल प्रति केल्विन येतो. भागाकार केला की तापमान निघतं २,४७९ केल्विन. त्या तापमानाला द्रव पाणी कुठून आणणार? पाणी वाफ म्हणून घेतलं तर आकडे होतात −१०९.२ आणि −१४५.२, आणि तापमान येतं ७५२ केल्विन, म्हणजे सुमारे ४७९ अंश सेल्सिअस. विरलेला चुना प्रत्यक्षात ५०० अंशांच्या थोडं वर पाणी सोडतो. एका कंसातल्या शब्दाने उत्तर १,७०० अंशांनी हललं.

इशारा: तक्त्यात पाण्याच्या दोन ओळी असतात, द्रवाची आणि वाफेची. घाईत वरची ओळ उचलू नका.

## टप्पा २: डेल्टा एच काढा

उत्पादितांची बेरीज वजा अभिक्रियाकारकांची बेरीज. क्रम हाच. प्रत्येक आकड्याला समीकरणातल्या सहगुणकाने गुणायचं.

नवसागराचं विघटन: (−४६.१ − ९२.३) − (−३१४.४) = +१७६.० किलोज्यूल.

नवसागर पाण्यात विरघळणं: (−१३२.५ − १६७.२) − (−३१४.४) = +१४.७ किलोज्यूल.

दोन्ही धन, म्हणजे दोन्ही उष्माग्राही. दुसरी क्रिया घरी करून बघता येते: पेलाभर पाण्यात तीन-चार चमचे नवसागर ढवळा, पेला हाताला गार लागेल. (तापवण्याचा प्रयोग मात्र घरी करू नका. निघणारे दोन्ही वायू डोळ्यांना आणि घशाला झोंबतात.)

या गार पेल्याशी थोडं थांबा. "उष्णता बाहेर पडते ती अभिक्रिया आपोआप होते" असं दहावीपासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे उष्णता आत जाते, पाणी गार पडतं, तरीही नवसागर कुणी न सांगता विरघळतो. निर्णय एकट्या डेल्टा एचवर सोडता येत नाही याचा यापेक्षा स्वस्त पुरावा मला माहीत नाही.

## टप्पा ३: डेल्टा एस काढा

पद्धत तीच.

विघटन: (१९२.५ + १८६.९) − ९४.६ = +२८४.८ ज्यूल प्रति केल्विन.

विरघळणं: (११३.४ + ५६.५) − ९४.६ = +७५.३ ज्यूल प्रति केल्विन.

आकडेमोडीआधी चिन्हाचा अंदाज बांधायची सवय लावा. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वायूचे मोल मोजा. ज्या बाजूला वायू जास्त, त्या बाजूला एन्ट्रॉपी जास्त. विघटनात शून्य मोल वायूपासून दोन मोल झाले, म्हणून मोठा धन आकडा अपेक्षितच होता.

इथे दोन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली: मूलद्रव्यांची एन्ट्रॉपी शून्य धरणं. निर्मिती एन्थाल्पी मूलद्रव्यांसाठी शून्य असते, एन्ट्रॉपी नसते. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवण्याच्या अभिक्रियेत (एक मोल नायट्रोजन, तीन मोल हायड्रोजन, दोन मोल अमोनिया) खरा डेल्टा एस −१९८.७ आहे. नायट्रोजनचे १९१.६ आणि हायड्रोजनचे तीन वेळा १३०.७ विसरलात तर उत्तर +३८५.० येतं. चिन्हच उलटं झालं, आणि पुढचे सगळे निष्कर्षही.

दुसरी: "विरघळलं म्हणजे एन्ट्रॉपी वाढलीच." नवसागरासाठी हे खरं आहे, चुन्यासाठी नाही. विरलेला चुना पाण्यात विरघळतो तेव्हा डेल्टा एस सुमारे −१५८ ज्यूल प्रति केल्विन असतो. कॅल्शियमच्या आयनावर दुहेरी भार असतो आणि तो आजूबाजूचे पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो. पाणीच जास्त शिस्तीत येतं. एन्थाल्पीही इथे ऋण आहे. त्यामुळे चुना गरम पाण्यापेक्षा गार पाण्यात जास्त विरघळतो. आयन आले की अंदाजावर न जाता तक्ता उघडा.

## टप्पा ४: एककं जुळवा

२८४.८ ज्यूल म्हणजे ०.२८४८ किलोज्यूल. ७५.३ ज्यूल म्हणजे ०.०७५३ किलोज्यूल. २५ अंश सेल्सिअस म्हणजे २९८ केल्विन. हे तिन्ही आकडे नव्या ओळीवर लिहा. सूत्रात टाकता टाकता मनातल्या मनात बदलू नका.

तपासणी: टी × डेल्टा एस हा गुणाकार सर्वसाधारण अभिक्रियेत काही दहा ते काही शे किलोज्यूल येतो. हजारात गेला तर १,००० ने भागायचं राहिलं. सहगुणक फार मोठे असतील तरच याला अपवाद.

## टप्पा ५: चिन्हं बघून आधीच निकाल सांगा

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. तापमान सूत्रात फक्त एन्ट्रॉपीला गुणतं. तापमान चढलं की एन्ट्रॉपीचं वजन वाढतं, उतरलं की एन्थाल्पीचं म्हणणं चालतं. एवढं लक्षात ठेवलं तर चार चौकटींचा तक्ता पाठ करावा लागत नाही.

एच ऋण, एस धन. दोघांचं एकमत, कुठल्याही तापमानाला उत्स्फूर्त. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजनमध्ये विघटन असंच आहे (दोन मोलसाठी डेल्टा एच −१९६.०, डेल्टा एस सुमारे +१२६).

एच धन, एस ऋण. इथेही एकमत, पण विरुद्ध. ऑक्सिजनपासून ओझोन कुठल्याच तापमानाला आपोआप होत नाही. विजेच्या ठिणगीत होतो, कारण तिथे ऊर्जा बाहेरून घातली जाते. "उत्स्फूर्त नाही" याचा अर्थ "अशक्य" असा करू नका.

दोन्ही धन. कमी तापमानाला नाही, जास्त तापमानाला होय. नवसागराच्या दोन्ही क्रिया या गटात.

दोन्ही ऋण. कमी तापमानाला होय, जास्तला नाही. चुनकळी विरणं आणि अमोनिया तयार होणं या गटात.

हा निकाल शब्दांत लिहून ठेवा. पुढच्या टप्प्यातला आकडा त्याच्याशी भांडला तर आकडा चुकला असं समजा.

## टप्पा ६: डेल्टा जी

विघटन: १७६.० − (२९८ × ०.२८४८) = १७६.० − ८४.९ = +९१.१ किलोज्यूल. खोलीच्या तापमानाला उत्स्फूर्त नाही.

विरघळणं: १४.७ − (२९८ × ०.०७५३) = १४.७ − २२.४ = −७.७ किलोज्यूल. उत्स्फूर्त.

एकाच पदार्थाच्या दोन उष्माग्राही क्रिया, एकाच तापमानाला, आणि निकाल वेगळे. विरघळताना मोजावी लागणारी एन्थाल्पीची किंमत लहान आहे, ती एन्ट्रॉपी भरून काढते. विघटनात ती किंमत बारापट आहे आणि २९८ केल्विनला एन्ट्रॉपीच्या खात्यात तेवढं जमा नसतं.

इशारा: बऱ्याच तक्त्यांत निर्मितीच्या डेल्टा जीचा तिसरा स्तंभ असतो. तो २५ अंश सेल्सिअसपुरताच आहे. प्रश्नात ७०० केल्विन दिलं असेल तर तो स्तंभ झाकून ठेवा आणि एच व एसवरूनच जा.

## टप्पा ७: पारडं कुठे फिरतं?

एच आणि एस यांची चिन्हं सारखी असतील तरच हा टप्पा करा. डेल्टा जी शून्य धरला की टी = डेल्टा एच ÷ डेल्टा एस.

नवसागराचं विघटन: १७६.० ÷ ०.२८४८ = ६१८ केल्विन, म्हणजे ३४५ अंश सेल्सिअस.

कल्हईवाल्याचं काम जवळून बघितलं असेल तर हे आठवेल. भांडं भट्टीवर चांगलं तापल्यावरच तो नवसागर टाकतो, आणि टाकताच पांढराशुभ्र धूर उठतो. तापलेल्या धातूजवळ नवसागर फुटतो, हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खातो आणि कथील चिकटायला जागा स्वच्छ होते. जे वायू उरतात ते वर गार हवेत पोचले की तिथे तापमान खाली आलेलं असतं, पारडं उलटं फिरतं आणि पुन्हा नवसागराचे बारीक कण तयार होतात. तो पांढरा धूर म्हणजे वाफ नाही, परत जन्मलेला नवसागर आहे. एकाच भांड्यावर हातभर अंतरात समीकरणाच्या दोन्ही दिशा दिसतात.

आता खबरदारी. चिन्हं वेगळी असताना भागाकार केला तर तापमान ऋण येतं. ऋण केल्विन लिहून उत्तर देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. ते उत्तर म्हणजे "असं तापमानच नाही" एवढाच निरोप असतो.

नवसागर विरघळण्याचंही तापमान निघतं: १४.७ ÷ ०.०७५३ = १९५ केल्विन, उणे ७८ अंश सेल्सिअस. पण तिथे पाण्याचा बर्फ झालेला असतो, तेव्हा हा आकडा फेकून द्या. निघालेल्या तापमानाला समीकरणातले पदार्थ लिहिलेल्याच अवस्थेत आहेत का, हे प्रत्येक वेळी विचारा.

आणखी एक सापळा बारीक फरकांचा आहे. कल्हईचं पांढरं कथील थंडीत राखाडी, ठिसूळ रूपात बदलू शकतं. डेल्टा एच −२.१ आणि डेल्टा एस −७.१ घेतला तर तापमान २९६ केल्विन, म्हणजे २३ अंश सेल्सिअस येतं. खरा आकडा १३ अंशांच्या आसपास आहे. एच २.१ ऐवजी २.० धरून बघा: २८२ केल्विन, ९ अंश. एका दशांशाने तापमान १४ अंशांनी सरकलं. दोन्ही आकडे लहान असतील तेव्हा उत्तर "सुमारे" म्हणूनच द्या.

## टप्पा ८: आकड्याने जे सांगितलं नाही ते त्याच्या तोंडी घालू नका

वेग. डेल्टा जी वेगाबद्दल एक अक्षरही बोलत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन प्रत्येक तापमानाला उत्स्फूर्त आहे, तरी औषधाच्या दुकानातली बाटली कित्येक महिने टिकते. तेच जखमेवर टाकलं की फेस येतो, कारण रक्तातलं कॅटलेज हे विकर वाट सोपी करतं. बाटलीत आणि जखमेवर डेल्टा जीचं चिन्ह तेच आहे. "डेल्टा जी खूप ऋण, म्हणून अभिक्रिया जलद" हे वाक्य उत्तरात दिसलं की मी गुण कापते.

प्रमाण अवस्था. आपण काढलेला आकडा प्रत्येक वायू १ बार दाबाला आणि प्रत्येक द्रावण १ मोलर आहे असं धरून काढलेला आहे. परिस्थिती वेगळी असेल तर त्यात आर × टी × एलएन क्यू ही भर घालावी लागते. इथे आर = ८.३१४ ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल, एलएन म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम, आणि क्यू म्हणजे त्या क्षणीचं उत्पादितं आणि अभिक्रियाकारकं यांच्या दाबांचं किंवा संहतींचं गुणोत्तर.

नवसागरासाठी हे करून बघण्यासारखं आहे. संदर्भतक्त्यांत त्याचं संप्लवन (स्थायूचा थेट वायू होणं) ३३८ अंशांना दिलेलं असतं आणि आपलं उत्तर ३४५ होतं. छान जुळलं म्हणून खूश होऊ नका. त्या तक्त्यातला दाब दोन्ही वायूंचा मिळून साधारण १ बार असतो, म्हणजे प्रत्येकाचा अर्धा. क्यू = ०.५ × ०.५ = ०.२५. ही भर घातली की भाजकात २८४.८ ऐवजी २९६.३ येतात आणि तापमान ५९४ केल्विन, म्हणजे ३२१ अंश होतं. खऱ्या आकड्याशी १७ अंशांचा फरक उरला, कारण एच आणि एस तापमानाबरोबर थोडे बदलतात आणि आपण २५ अंशांचेच आकडे ताणत वर नेले. प्रामाणिक तुलना ही आहे, आधीची जुळणी योगायोगाची होती.

अमोनियाच्या कारखान्याचं कोडंही इथेच सुटतं. डेल्टा एच −९२.२ आणि डेल्टा एस −१९८.७ वरून पारडं ४६४ केल्विनला, १९१ अंशांना फिरतं. अलिबागजवळच्या थळसारख्या ठिकाणी, किंवा जगात कुठेही, अमोनिया बनतो तो साधारण ४०० ते ५०० अंशांना. ७०० केल्विनला प्रमाण डेल्टा जी +४६.९ किलोज्यूल आहे. तरी अमोनिया मिळतो, कारण दाब शेकडो पटींच्या घरात नेलेला असतो आणि तयार अमोनिया सतत काढून घेतला जातो. क्यू लहान राहतो. इतकं तापवतात ते वेगासाठी, कारण थंडपणी उत्प्रेरकही पुरेसा चालत नाही.

## आता तुम्ही: चुन्याची भट्टी

चुनखडी (स्थायू) → चुनकळी (स्थायू) + कार्बन डायऑक्साइड (वायू). निर्मिती एन्थाल्पी अनुक्रमे −१२०६.९, −६३५.१, −३९३.५. एन्ट्रॉपी ९२.९, ३९.८, २१३.७. सगळे टप्पे क्रमाने करा आणि मगच खाली बघा.

डेल्टा एच +१७८.३ किलोज्यूल, डेल्टा एस +१६०.६ ज्यूल प्रति केल्विन, २९८ केल्विनला डेल्टा जी +१३०.४ किलोज्यूल, पारडं फिरण्याचं तापमान १,११० केल्विन, म्हणजे ८३७ अंश सेल्सिअस. कार्बन डायऑक्साइडचा दाब १ वातावरण व्हायला प्रत्यक्षात ९०० अंशांच्या आसपास जावं लागतं. एवढा फरक या पद्धतीत चालतो.

तुमचं उत्तर १.११ केल्विन आलं असेल तर टप्पा ४ वगळलात. १,११० अंश सेल्सिअस लिहिलं असेल तर शेवटी २७३ वजा करायचे राहिले. तापमान ऋण आलं असेल तर एन्ट्रॉपीची वजाबाकी उलटी केलीत, किंवा कार्बन डायऑक्साइडचे २१३.७ घ्यायला विसरलात. आणि डेल्टा जी −४७,००० च्या घरात असेल तर वरच्या लाल शाईच्या ओळीकडे परत जा.